निवांतपणाची चौथी रिव्हिजन

सौदीतल्या जुबैलमध्ये मी शटडाऊन प्लॅनर आहे. म्हणजे कारखाना दोन वर्षांतून एकदा एकवीस दिवस बंद ठेवतात, तेव्हा कोणता नट कोणत्या तासाला सैल करायचा हे मी आठ महिने आधी ठरवतो. त्या एकवीस दिवसांत प्रत्यक्षात भलतंच काहीतरी होतं, पण ते ठरलेल्या गोष्टीपेक्षा किती भलतं झालं हे सांगता येतं, आणि कंपनीला तेवढंच हवं असतं. म्हणून आम्ही तीन मित्रांनी व्हिएन्नाला सहा दिवस निवांत जायचं ठरवलं, तेव्हा निवांतपणाचं प्लॅनिंग माझ्याकडे आलं.

तिघांत वयाने मोठे सिराजुद्दीन, म्हणजे सिराजभाई. राजापूरजवळचे, स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांच्यांचे, सुपरवायझर, सव्वीस वर्षं जुबैलमध्ये. दुसरा चारुदत्त, पुण्याचा, इन्स्पेक्शनमध्ये. पाइपची जाडी मोजतो, आणि ती कमी भरली की कुणाला सांगण्याआधी आठवडाभर एकटाच अस्वस्थ राहतो. तिसरा मी, यतीन, नाशिकचा. एकच कंपनी, अठरा वर्षं एकच बस, बसमधल्या जागाही ठरलेल्या.

कल्पना चारुदत्तची होती, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण त्याला त्याआधी कधीच कल्पना सुचलेली नव्हती. "कुठंतरी जाऊ या," तो बसमध्ये म्हणाला. "काही बघायचं नाही. म्युझियम नाही, राजवाडा नाही. नुसतं बसायचं."

"बसायचं तर इथं काय वाईट आहे?" सिराजभाई म्हणाले. "आता बसलोच आहोत ना."

पण आठवड्याभरात तेही तयार झाले. त्यांची रजा वर्षाला चाळीस दिवस. ती दर वर्षी गावी जायची. सव्वीस वर्षांत ती एकोणचाळीस झाली नाही की एक्केचाळीस झाली नाही. यंदा त्यातले सहा दिवस व्हिएन्नाला द्यायचे म्हटल्यावर गावाहून त्यांच्या बायकोने, शरफुन्निसा भाभींनी, विचारलं, "तिथं कोण हाय आपलं?" सिराजभाईंनी सांगितलं, कुणी नाय, म्हणूनच.

मी शेड्यूल केलं. साठ ॲक्टिव्हिटी. त्यातली एक हजार चाळीस नंबरची (आमचे नंबर हजारापासून सुरू होतात) अशी होती: 'बाकावर निवांत बसणे. कालावधी दोन तास. आधीची ॲक्टिव्हिटी: कॉफी.' सिराजभाईंनी विचारलं, पाऊस आला तर? मग मी रिव्हिजन एक काढली, छप्पर असलेल्या बाकाची. चारुदत्त शेड्यूलकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "यात मोकळा वेळ कुठं आहे?" मी म्हटलं, सगळाच मोकळा वेळ आहे, फक्त तो ठरवला आहे.

इथे सौदीतल्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. देशाबाहेर जायचं तर कंपनीकडून परवानगी काढावी लागते, आणि ती दोन प्रकारची असते. जाऊन परत यायचं असेल तर एक्झिट री-एंट्री, म्हणजे खुरूज औदा. कायमचं जायचं असेल तर फायनल एक्झिट, म्हणजे खुरूज निहाई. ज्याला अरबीत पाणी मागता येत नाही त्यालाही हे शब्द येतात. आमच्या ऑफिसात हे काम मुझम्मिल नावाचा हैदराबादचा माणूस करतो. त्याला चारशे माणसं सांभाळायची असतात, म्हणून तो माणसं नंबरांनी ओळखतो. त्याचं काम सोपं व्हावं म्हणून मी तिघांच्या नावांची, इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या ओळखपत्राच्या, नंबरांची आणि तारखांची एक शीट करून पाठवली. मग तारीख बदलली, रिव्हिजन दोन. फ्लाइट बदललं, रिव्हिजन तीन. शेवटी वाटलं, नावं एअरपोर्टची गाडी ज्या क्रमाने घरं घेणार त्या क्रमाने असावीत. ती रिव्हिजन चार. ही शेवटची रिव्हिजन कुणी मागितली नव्हती. माझ्या बहुतेक रिव्हिजन अशाच असतात.

दमामच्या एअरपोर्टवर आम्ही दोघं एकेक बॅग घेऊन उभे होतो आणि चारुदत्तने तीन बॅगा उतरवल्या.

"सहा दिवसांसाठी?" मी विचारलं.

"थंडी असेल."

"सप्टेंबर आहे."

"असू दे," तो म्हणाला. चारुदत्तचं 'असू दे' हे इन्स्पेक्शन रिपोर्टच्या शेवटच्या सहीसारखं असतं. त्यानंतर कुणी प्रश्न विचारत नाही.

व्हिएन्नाला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याने मोजे शोधण्यासाठी तिन्ही बॅगा उघडल्या. त्यात मिक्सर निघाला. त्याच्या तीन भांड्यांसकट. हॉलमध्ये टांगलेला असायचा तो गणपती निघाला, फ्रेमसकट, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. नूपुरच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, शाळेच्या सगळ्या वर्षांच्या प्रगतिपुस्तकांची फाइल निघाली. मोजे निघाले नाहीत.

"निवांत बसायला मिक्सर लागतो?" सिराजभाईंनी विचारलं.

"विभावरी म्हणाली, घेऊन ये."

विभावरी त्याची बायको. ती मे महिन्यातच नूपुरच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली होती. तिला व्हिएन्नामध्ये मिक्सर कशाला हवा, हे मला कळलं नाही, पण अठरा वर्षांच्या मैत्रीत काही गोष्टी न कळण्याची सवय झालेली असते. मी शेड्यूल बघितलं. आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो.

निवांत बसणं आम्हाला जमत नव्हतं, हे त्याच दिवशी स्पष्ट झालं. तिथल्या कॉफी हाउसमध्ये एका कॉफीवर माणसं चार-चार तास बसतात. लाकडी दांडीला अडकवलेलं वर्तमानपत्र हातात धरून डुलक्या काढतात. कॉफीबरोबर छोट्या ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास येतो, तो संपला की वेटर न विचारता दुसरा आणतो. आम्ही कॉफी सहा मिनिटांत संपवून उठायला लागलो, तेव्हा वेटरने दुसरं पाणी आणलं, म्हणून परत बसलो. सिराजभाईंना वाटलं, हा आपल्याला जाऊ देत नाहीये. "कफीलसारखा आहे," ते म्हणाले. कफील म्हणजे सौदीतला मालक, ज्याच्या परवानगीशिवाय हलता येत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही त्याच ठिकाणी गेलो, कारण वेटर ओळखीचा झाला होता. बिल आलं तेव्हा नेहमीप्रमाणे झटापट झाली. सिराजभाईंनी माझा हात धरला, चारुदत्तचं पाकीट टेबलाखाली टाकलं आणि स्वतःचं कार्ड वेटरच्या हातात दिलं. वेटर गेला आणि परत आला. त्याने कार्ड दोन बोटांनी कडेला धरलं होतं, जसा कुणाचा पडलेला दुधाचा दात परत द्यावा तसं. चालत नव्हतं.

"बँकेने बंद केलं असेल," मी म्हटलं. "परदेशात करतात असं. मेसेज आला असेल बघा."

मेसेज आले होते. तीन. तिन्ही अरबीत. सिराजभाई अरबी मेसेज कधी बघत नाहीत. त्यांच्या मते त्यात एकतर खजुराची ऑफर असते नाहीतर वाळूच्या वादळाची सूचना, आणि दोन्ही खिडकीतून दिसतात.

"वाचा ना मोठ्याने," चारुदत्त म्हणाला. "मी सांगतो काय आहे ते."

ही आमची जुनी व्यवस्था होती. सिराजभाईंना लहानपणापासून अरबी वाचता येतं, सुंदर, एकही अक्षर न अडखळता. पण गावच्या मक्तबमध्ये कुराण वाचायला शिकवलं होतं, अर्थ सांगितला नव्हता. त्यामुळे वाचणं आणि समजणं ही त्यांची दोन वेगळी डिपार्टमेंट्स आहेत, एकमेकांना कागद न पाठवणारी. चारुदत्तला अरबी एक अक्षर वाचता येत नाही, पण अठरा वर्षं अरब इन्स्पेक्टरांबरोबर पाइपवर चढल्यामुळे ऐकलेलं सगळं समजतं. सरकारी कागद आला की एक वाचायचा, दुसरा ऐकायचा. दोघांचा मिळून एक साक्षर माणूस होत असे.

सिराजभाईंनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे सूर धरून वाचायला सुरुवात केली. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं आणि मान डोलवत ऐकू लागल्या. पहिला मेसेज बँकेचा. दुसरा लांबलचक. त्याच्या मध्यावर 'खुरूज निहाई' हे शब्द आले, लांब ओढून, शेवटी हलकेच उतरवून. सिराजभाई तसेच पुढे गेले, तिसराही पूर्ण केला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हं. काय म्हणतात?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे, काय म्हणतात?"

"सिराजभाई," मी म्हटलं, "मधलं परत वाचा. सूर न लावता."

त्यांनी वाचलं. यावेळी त्यांनाही ऐकू आलं: फायनल एक्झिट, आणि म्हणूनच बँकेने कार्ड बंद केलं होतं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, पालथा.

"चूक आहे ही," ते म्हणाले. "मी तर परत चाललोय. मंगळवारी. बुधवारी टॉवरवर माजी माणसं चढणार हायत, सत्तावीस माणसं. त्यांना क्लिप कुठं लावायची ता मी सांगणार."

"सिस्टीमची चूक असेल," मी म्हटलं. जुबैलमध्ये प्रत्येक चूक सिस्टीमची असते, आणि सिस्टीमशी कुणाची ओळख नसते.

चारुदत्तने स्वतःचा फोन काढला, एक जुना मेसेज शोधला आणि सिराजभाईंपुढे धरला. "हा वाचा. मला आलेला."

सिराजभाईंनी वाचला. खुरूज व औदा.

"झालं की," मी म्हटलं. "तुझं बरोबर आहे."

"नाही," चारुदत्त म्हणाला. "माझं बरोबर नाही."

मग त्याने सांगितलं. पाइपची जाडी तो जशी सांगतो तसंच, मान खाली घालून, आकडे आधी. राजीनामा जूनमध्ये. फ्लॅट सोडला निघालो त्याच दिवशी. गाडी विकली. त्याचं परतीचं तिकीट दमामचं नव्हतं, मुंबईचं होतं. फायनल एक्झिट त्याने मागितला होता. आम्हाला शेवटच्या दिवशी सांगणार होता, बाकावर.

"कुठल्या बाकावर?" मी विचारलं. मला खरोखर त्या क्षणी तेवढंच सुचलं.

"तुझ्याच. एक हजार चाळीस."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत असू दे म्हटलं. यतीन, मी एकोणीस निरोप समारंभांना बसलोय. दर वेळी पितळी किटली, सोनेरी पाटी, ग्रुप फोटो आणि तुझं भाषण. यांच्या जाण्याने एक मोठी पोकळी निर्माण झाली आहे. पुढच्या रविवारी बसमध्ये त्या सीटवर दुसरा बसलेला असतो. मला ते भाषण ऐकायचं नव्हतं."

त्या भाषणात फक्त नाव बदलावं लागतं, बाकीचा फॉरमॅट माझ्या लॅपटॉपवर तयार आहे, हे मी सांगितलं नाही. चारुदत्तच्या नावाने ते वाचून बघण्याचा विचार मनात आला आणि गेला.

सिराजभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुजा निघायचा होता, आणि निघालो मी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ते नुसतं मोजमाप बरोबर आहे का हे बघत होते. "ता बदलता येल का?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. मुझम्मिलला फोन केला. लागला नाही. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. आम्ही वेटरला तिघांचं मिळून माझ्या कार्डावर बिल घ्यायला सांगितलं, आणि यावेळी कुणी झटापट केली नाही.

रविवारी जुबैल उघडलं आणि व्हिएन्ना बंद झालं. तिथे रविवारी सगळी दुकानं बंद असतात. सकाळी सात वाजता, म्हणजे जुबैलच्या आठला, मी हॉटेलच्या पायरीवरून मुझम्मिलला फोन केला. फोन स्पीकरवर, बाजूला दोघं.

"सर, सब क्लियर है," मुझम्मिल म्हणाला. "चारुदत्त सर मेरे को बोले थे, मेरा दो नंबर है, दो नंबर का फाइनल करना, किसी को बोलना नहीं. मैं किसी को नहीं बोला."

"दो नंबर पर कौन है?"

"आपके रिविजन फोर में? सिराज भाई." कागद उलटल्याचा आवाज आला. "रिविजन थ्री में चारुदत्त सर थे. लेकिन सर, आप ही बोलते हैं, हमेशा लेटेस्ट रिविजन पे काम करो."

हे मी बोलतो. मीटिंगमध्ये, दर आठवड्याला. भिंतीवरही लावलं आहे.

"कैन्सल कर दो ना, भाई," सिराजभाई फोनकडे वाकून म्हणाले.

"निकलने से पहले होता है, सिराज भाई. अभी सिस्टम में आप निकल गए. खलास. नया वीज़ा निकालेंगे, कंपनी को आपकी ज़रूरत है. लेकिन पहले आपको इंडिया जाना पड़ेगा. महीना-डेढ़ महीना पकड़ के चलो. और चारुदत्त सर को यहाँ आना पड़ेगा, नहीं तो रिकॉर्ड में आएगा, गया और लौटा नहीं. फिर उनका क्लियरेंस अटकेगा."

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "माझी चूक." चारुदत्त म्हणाला, "मी सांगितलं असतं तर झाली नसती." मी म्हटलं, मी गाडीच्या क्रमाने नावं लावली नसती तरी झाली नसती. थोडा वेळ आम्ही चूक एकमेकांकडून हिसकावून घेत होतो, कॉफीच्या बिलासारखी. शेवटी सिराजभाई म्हणाले, "चला. कुठं तरी बसू."

पार्कमध्ये एक बाक होता. छप्पर नव्हतं. शेड्यूलमध्ये तो कुठेच नव्हता. समोर हिरवळीवर माणसं ऊन अंगावर घेत आडवी पडली होती. आमच्याकडे उन्हात पडलेला माणूस दिसला तर ॲम्ब्युलन्स बोलावतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं आम्ही प्रत्येकाकडे काळजीने बघत होतो. मग सवय झाली.

"दीड महिना म्हणजे किती दिवस?" सिराजभाईंनी विचारलं.

"पंचेचाळीस."

"तुमाला हसू येल," ते म्हणाले, "पण मला गावात राहायला चाळीस दिवस येतात. त्यापुढं येत नाय. पहिले दहा दिवस सगळे भेटायला येतात. मग लग्नं, दाखले, छपराची कौलं. पस्तिसाव्या दिवशी बॅग काढतात. एक्केचाळीसाव्या दिवशी मी कधी तिथं नसतोच. त्या दिवशी सकाळी उठून मी काय करायचं? बायको काय करते त्या दिवशी? मला ठावकी नाय." त्यांनी चष्मा पुसला. "आणि वीजा आलाच नाय तर? कंपनीला मी छप्पन्न वर्षांचा परत कशाला हवा? नवा माणूस अर्ध्यात मिळतो."



मग त्यांनी शरफुन्निसा भाभींना फोन लावला. राजापुरात तेव्हा दुपार होत आली होती. मागे कुणीतरी मासे कापत असल्यासारखा आवाज होता. सिराजभाईंनी सगळं सांगितलं: रिव्हिजन, दोन नंबर, बँक, मुझम्मिल. ते बरंच लांबलं. भाभींनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे येताव?"

"हो. यावंच लागणार."

"रजा किती दिवसांची?"

सिराजभाईंनी तोंड उघडलं. गेली सव्वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं. ते आमच्याकडे बघू लागले, जणू आमच्यापैकी कुणालातरी माहीत असेल.

"रजा नाय," ते म्हणाले. "नुसताच येतोय."

पलीकडे थोडा वेळ फक्त सुरीचा आवाज आला. मग भाभी म्हणाल्या, "बरं. मंग सुरमय आणून ठेवतंय," आणि फोन ठेवला.

त्या बाकावर आम्ही चार तास बसलो. मी मोजले, कारण मला ते टाळता येत नाही. शेड्यूलमधल्या साठांपैकी तेवढी एकच ॲक्टिव्हिटी पूर्ण झाली, आणि दुप्पट वेळ घेऊन.

मंगळवारी एअरपोर्टवर सगळं उलटं होतं. सिराजभाई मुंबईला चालले होते, चारुदत्तच्या तीन बॅगा आणि स्वतःची एक घेऊन. चारुदत्त माझ्याबरोबर दमामला, हातात एक पिशवी. बॅगा पुन्हा जुबैलला नेऊन पुन्हा आणण्यात अर्थ नव्हता. "बॅगा वहिनींकडे पुण्याला पोचवतो आणि मग गावाला जातो," सिराजभाई म्हणाले आणि आपल्या फ्लॅटची किल्ली चारुदत्तला दिली, कारण त्याला राहायला घर नव्हतं. "किचनमधी मेथी पेरलीय ट्रेमध्ये. पाणी घाल. जास्त घालू नको." पुण्यात विभावरीने दार उघडलं तेव्हा नवऱ्याच्या बॅगा आल्या होत्या, नवरा नव्हता. तिने सिराजभाईंना तीन वेळा विचारलं, तो नक्की कुठे आहे. त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं, जुबैलला, माझ्या घरी. आणि तुम्ही? मी तुमच्या. याहून स्पष्ट त्यांना सांगता आलं नाही.

चारुदत्तचा फायनल एक्झिट आठवड्यात होणार होता. कागद कुठेतरी अडकला आणि पाच आठवडे लागले. तोवर तो सिराजभाईंच्या पलंगावर झोपला, सिराजभाईंचे शर्ट घालून ऑफिसला आला, आणि बसमध्ये आपल्या जुन्या सीटवर बसला. राजीनामा आता सगळ्यांना कळला होता, तरी माणूस रोज येतो म्हणून लोक गोंधळले. काहींनी निरोपाचे हात दोन-दोनदा मिळवले. निरोप समारंभ झाला नाही, कारण तो नेमका गेला आहे की आला आहे हे कुणालाच नक्की सांगता येईना. बुधवारचा टॉवर रविवारी उभा राहिला. सत्तावीस जणांना क्लिप कुठे लावायची हे सिराजभाईंनी राजापूरहून व्हिडिओवर सांगितलं. मागे कोंबड्या दिसत होत्या.

मेथी दोनदा कापून झाली. तिसऱ्यांदा उगवली तेव्हा चारुदत्त गेला. मी त्याला एअरपोर्टवर सोडलं. भाषण केलं नाही. "असू दे," तो म्हणाला, आणि मी म्हटलं, असू दे.

सिराजभाईंचा नवा व्हिसा त्यांच्या गावातल्या अडतिसाव्या दिवशी निघाला. मुझम्मिलने मला कळवलं. आता तो माझ्याशी नंबरांत बोलत नाही, नावांत बोलतो, आणि प्रत्येक नाव दोनदा उच्चारतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं होतं. मी लगेच शीट केली: चाळीसाव्या दिवशी सकाळी ठसे, मग पासपोर्टवर शिक्का, मग तिकीट. सिराजभाईंना पाठवली आणि फोन केला.

"येतो ना," ते म्हणाले. "येणारच. माजी माणसं तिथं हायत." मग म्हणाले, "पण ठसे त्रेचाळीसाव्या दिवशी कर."

"का? चाळीसला तारीख मिळतेय. काही अडचण आहे?"

"अडचण नाय." मागून भाभींचा आवाज आला, काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सिराजभाई हसले. "एक्केचाळीसावा बघून येतो. बघतो काय असतं ता. आणि बेचाळीस एक जास्तीचा धर, काय चुकलं-बिकलं तर."

मी रिव्हिजन एक काढली. एक्केचाळीसाव्या दिवसासमोर काय लिहावं ते कळेना. ओळ तशीच ठेवली, कालावधी एक दिवस, आधीची ॲक्टिव्हिटी काही नाही. मुझम्मिलचा फोन आला की ही ओळ रिकामी का आहे. मी म्हटलं, बरोबर आहे ती, तशीच जाऊ दे.